मासेमारांचं शांत, दूरचं बेट बघायचं असेल तर मिनिकॉयला जावं का?

तुम्ही विचारलंय की गर्दी, रिसॉर्ट आणि पाण्यावरचे खेळ यांतलं काहीच नको आहे, माणसं अजून जुन्या पद्धतीने मासे धरून जगतात असं एखादं दूरचं बेट बघायचंय, आणि मिनिकॉयचं नाव कानावर आलंय. तिथे जावं का, मासेमारीला सोबत नेतील का, आणि दहा वर्षांची मुलगी बरोबर असेल तर झेपेल का?

जरूर जा. फक्त निळ्या पाण्यासाठी एवढ्या लांब जाऊ नका, कारण तसं पाणी लक्षद्वीपच्या कुठल्याही बेटावर मिळेल आणि इतर काही बेटांवर पोहोचणंही सोपं आहे. मिनिकॉयला जायचं ते कुपा, म्हणजे ट्यूना, कसा धरतात ते बघायला. त्या एका कामाभोवती अख्खं बेट कसं उभं आहे हे लक्षात आलं की बाकीचं आपोआप उलगडत जातं.

मी व्यापारी जहाजावर नोकरी केली. मिनिकॉयचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जगभरच्या जहाजांवर खलाशी म्हणून जातात. त्यांतल्याच एका सहकाऱ्याच्या घरी मी उतरलो होतो, त्यामुळे पुढे लिहितोय ते घरातल्या पाहुण्याच्या नजरेतून आहे.

बेट कुठे आहे ते आधी नीट समजून घ्या. लक्षद्वीपच्या बाकीच्या बेटांपासून ते खूप खाली, दक्षिणेला एकटंच आहे. मधे नऊ अंश खाडी म्हणतात तो रुंद समुद्र आहे आणि पलीकडे आठ अंश खाडी ओलांडली की मालदीव. कोचीहून अंतर सुमारे चारशे किलोमीटर. लोक स्वतः बेटाला मलिकू म्हणतात. इतर बेटांवर मल्याळमच्या जवळची बोली चालते, इथे मात्र महल बोलतात. ती मालदीवच्या दिवेहीची बहीण आहे आणि थाना लिपीत उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. वस्ती जवळपास सगळी मुस्लिम, 2011 च्या जनगणनेनुसार दहा हजारांच्या थोडी वर. शाळेमुळे आणि जहाजावरच्या नोकऱ्यांमुळे हिंदी समजणारं कुणी ना कुणी भेटतंच.

आता मासेमारी. पहाटे बोट निघते, पण थेट खोल समुद्रात जात नाही. आधी चारा धरायचा असतो. बेट चंद्रकोरीच्या आकाराचं आहे, त्याच्या पश्चिमेला प्रवाळाच्या भिंतीने अडवलेलं उथळ, शांत पाणी म्हणजे लगून. चारा तिथेच मिळतो. चारा म्हणजे बोटभर लांबीचे, अंगावर चांदीसारखा पट्टा असलेले मासे. प्रवाळाच्या खडकाजवळ जाळं पाण्यात पसरून ठेवतात, वर कुटलेल्या माशाचा लगदा सोडतात आणि चारा खायला गोळा झाला की कडा धरून जाळं उचलतात. हे सगळं फार हलक्या हाताने चालतं, कारण हा मासा जिवंत राहिला तरच उपयोगाचा. बोटीच्या पोटात त्याच्यासाठी एक कप्पा असतो. कप्प्याच्या तळाला भोकं असतात आणि त्यांतून समुद्राचं पाणी सतत खेळतं राहतं. माझ्यासमोर एक पोरगा त्या कप्प्यावर वाकून बसला होता आणि मेलेला एकेक मासा वेचून बाहेर टाकत होता. बाकीचे बिड्या ओढत गप्पा मारत होते, पण त्याने मान वर केली नाही.

भिंतीतल्या खिंडीतून बोट बाहेर पडली की सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागतात. सुरय पक्षी एका जागी घिरट्या घालून पाण्यावर झेपावत असतील तर खाली कुप्याचा थवा आहे असं समजायचं. बोट तिथे नेतात. एक जण मुठीमुठीने जिवंत चारा फेकायला लागतो, त्याच वेळी बोटीच्या मागच्या बाजूने पाण्याचे फवारे उडवतात. पाण्याचा पृष्ठभाग फुटतो, लहान माशांची झुंबड उडाल्यासारखं दिसतं आणि वर उभी असलेली माणसं माशाला दिसत नाहीत. मागच्या फळीवर सगळे ओळीने उभे असतात, प्रत्येकाच्या हातात लांब काठी आणि आखूड दोर. दोराच्या टोकाला चकचकीत गळ असतो, पण त्याला उलटा काटा नसतो. सगळी खुबी त्यातच आहे. मासा लागला की काठीला झटका देतात, मासा डोक्यावरून उडून मागे फळ्यांवर पडतो, दोर सैल झाल्याबरोबर गळ आपोआप सुटतो आणि काठी पुन्हा पाण्यावर जाते. मासा हाताने सोडवायची गरजच पडत नाही. दोन-तीन किलोंचे मासे एकामागून एक येत असतात, फळ्यांवर शेपट्यांचा तडतडाट चाललेला असतो आणि शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. मग थवा अचानक खाली बुडी मारतो आणि काठ्या थांबतात. पुन्हा आभाळाकडे बघत बसायचं.

एका गळाला एक मासा. यात कासव अडकत नाही, डॉल्फिन अडकत नाही, नको असलेली पिल्लं जाळ्यात गुदमरून मरत नाहीत. मोठमोठ्या जाळ्यांच्या जहाजांनी समुद्राचं काय केलंय हे मी नोकरीत असताना पाहिलं आहे, म्हणून या काठीबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

सोबत नेतील का? बोटीच्या मालकाला आणि तांडेलाला योग्य वाटलं तर नेतील. तुमच्या यजमानामार्फत आदल्या दिवशी विचारा, नाही म्हणाले तर आग्रह धरू नका. चारा कमी मिळत असेल तेव्हा बोटीवर जादा माणूस कुणालाच नको असतो. गेलात तर पुढच्या बाजूला, सांगतील तिथेच बसा, मागे गळ आणि मासे हवेत उडत असतात. बोटीवर पुरुषच जातात, तेव्हा मुलीला घेऊन जाता येईल असं धरून चालू नका. तिच्यासाठी दुपारनंतरचा किनारा आहे. बोटी परत येतात, मासे उतरवतात, वाटे घालतात, हे सगळं तिला अगदी जवळून बघता येईल.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. मोठा मासा बाहेरच्या समुद्रात मिळत असला तरी तो धरायची सोय लगूनमध्ये आहे. तो बोटाएवढा चारा नसेल तर काठी कामाची नाही, आणि यातला बराचसा चारा प्रवाळाच्या आसऱ्याने राहतो. 1998, 2010 आणि 2016 या तिन्ही वर्षी समुद्र तापून लक्षद्वीपचं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं आणि मेलं. त्यातलं काही सावरतंय, काही नाही. आपण ज्याला पोहायचं सुंदर पाणी समजतो ते तिथल्या माणसाचं कामाचं कोठार आहे. म्हणून पोहण्याआधी कुठे उतरू आणि कुठे नको हे विचारून घ्या. चाऱ्याचं जाळं लागलेलं असेल तिथून लांब राहा. प्रवाळावर पाय ठेवू नका, भरतीच्या वेळी पोहा म्हणजे पोटाखाली पुरेसं पाणी राहतं. प्रवाळाचा तुकडा, अगदी किनाऱ्यावर पडलेला असला तरी, पिशवीत टाकू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली कठीण प्रवाळाला पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे.

गोड्या पाण्याचंही असंच आहे. बेटावर नदी नाही, ओढा नाही. जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पावसाच्या पाण्याचा पातळ थर, त्यावर विहिरी. जास्त उपसा झाला की विहीर मचूळ होते. 2011 मध्ये इथे समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प सुरू झाला. वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली उकळवायचं आणि खोल समुद्रातून आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ पुन्हा द्रवरूप करायची, अशी त्याची पद्धत. त्याची क्षमता दिवसाला एक लाख लिटर, आणि बेटावर माणसं दहा हजार. अंघोळीला बादली पुरते.

मासा उतरल्यावर काम बहुतेक बायकांच्या हाती जातं. ताजा मासा घरोघरी शिजतोच, पण उरलेल्याचं मासमीन करतात. डोकं आणि आतडी काढायची, मासा लांबीत चिरायचा, खाऱ्या पाण्यात उकडायचा, मग धुरावर धरायचा आणि उन्हात वाळवायचा. शेवटी लाकडासारखा कडक तुकडा हातात येतो. तो फ्रिजशिवाय महिनोन्‌महिने टिकतो आणि पावसाळ्यात समुद्र बंद असताना कामी येतो. ठेचून ओल्या नारळाबरोबर भातावर दिला होता, धुराचा वास आणि नारळाचा गोडवा एकत्र, मी दोनदा मागून घेतला. तुम्ही शाकाहारी असाल तर आधी कळवा. नारळ भरपूर आहे, भाजी मात्र बरीचशी जहाजाने येते आणि जहाज लांबलं की संपते.

गावाची रचनाही बघण्यासारखी आहे. बेटावर अकरा गावं आहेत, एकमेकांना खेटून. प्रत्येक गावाचा प्रमुख असतो, त्याला बोडुकाका म्हणतात, आणि बायकांची प्रमुख वेगळी. बोट ओढायची, रस्ता झाडायचा, लग्नाचं जेवण रांधायचं, ही कामं गाव म्हणून होतात. प्रत्येक गावाची जहाधोनी म्हणून लांब, अरुंद, रंगवलेली नाव असते आणि सणाला त्यांच्या शर्यती लागतात. पुरुष महिनोन्‌महिने समुद्रावर, त्यामुळे घराचा कारभार बायका चालवतात. वंशही आईकडून मोजतात. गावात शिरलात की मोठ्यांना सलाम करा, अंग झाकणारे कपडे घाला, आणि मासमीनच्या चुलीपाशी बसलेल्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. दारूला तिथे बंदी आहे.

दक्षिण टोकाला 1885 सालचं दीपगृह आहे. वर सोडत असतील त्या वेळेला चढा. अख्खी चंद्रकोर एका नजरेत येते: पूर्वेला लाटा थेट किनाऱ्यावर फुटतात, पश्चिमेला लगून आणि त्या बाजूला विरिंगिली नावाचं छोटंसं निर्मनुष्य बेट. चाऱ्याच्या बोटी कुठे थांबतात तेही वरून कळतं.

जायचं कसं? मिनिकॉयला विमानतळ नाही. लक्षद्वीपमध्ये धावपट्टी फक्त अगत्ती बेटावर आहे, तिथून पुन्हा समुद्रानेच जावं लागतं. म्हणून कोचीहून जहाज सरळ पडतं. आपण भारतीय असलो तरी प्रवेशाचा परवाना लागतो, 1967 च्या नियमांपासून ते चालत आलंय. पोलीस पडताळणीचा दाखला आधी काढून ठेवा. परवाना बेटावरच्या कुणी तुमची जबाबदारी घेतली तर किंवा प्रशासनाच्या पर्यटन संस्थेच्या सहलीतून मिळतो. नियम बदलत राहतात, तेव्हा अर्ज करण्याआधी प्रशासनाच्या संकेतस्थळावर ताजी माहिती बघा. ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत समुद्र खवळलेला असतो, बोटी वर ओढलेल्या असतात, म्हणजे ज्यासाठी जायचं तेच दिसणार नाही. परतीच्या जहाजाचा दिवस हवामानामुळे पुढे सरकू शकतो, तर कोचीहून पुढचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका. एक-दोन दिवसांत परतायचं असेल तर मुळात जाऊच नका. थवा रोज मिळत नाही, आणि बोटी रिकाम्या परतलेल्या दिवशी तुम्ही निघालात तर निम्मं बेट बघायचं राहून जाईल.

मुलीला जरूर न्या. रात्रभराच्या जहाजप्रवासात उलट्या होतात, डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधीच द्या आणि पोट अगदी रिकामं ठेवू नका. बेटावर दवाखाना आहे, पण गंभीर रुग्णाला बाहेर हलवावं लागतं, म्हणून तिची नेहमीची औषधं परतीला उशीर होईल हे धरून जास्तीची घ्या. पाण्यात घालायला लांब बाह्यांचा कपडा, पायात रबरी बूट आणि तिच्या चेहऱ्यावर नीट बसणारा पाण्यातला चष्मा घरूनच न्या, तिथे तिच्या मापाचा मिळेलच असं नाही.