टन मोजू नका, उष्मांक मोजा

प्रश्न : देशाने 2024-25 मध्ये 100 कोटी टनांहून जास्त कोळसा काढला. तरी आयात का? आणि आमच्या बॉयलरचा खर्च उतरेल का?
– एक कारखानदार, हिंगणा एमआयडीसी

उत्तर : उत्पादन सुमारे 104.8 कोटी टनांवर गेलं आणि आयात 26.4 कोटींवरून 24.4 कोटी टनांवर आली. ती शून्यावर मात्र येणार नाही. पोलादाच्या भट्टीला कमी राखेचा कोकिंग कोळसा (ज्यापासून कोक बनतो तो) लागतो, तो आपल्याकडे पुरेसा नाही.

खर्चाचं म्हणाल तर 22 सप्टेंबर 2025 पासून टनामागचा 400 रुपयांचा सेस गेला आणि जीएसटी 5 वरून 18 टक्के झाला. करपूर्व दर टनाला 1,500 रुपये असेल तर आधी 475 रुपये कर पडायचा, आता 270. साधारण 3,075 रुपयांच्या वरच्या कोळशावर मात्र कर वाढला आहे. जीएसटी भरत असाल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो तुमच्या देय करातून वजा होतो, हे हिशेबात धरा.

पण खरा पैसा ग्रेडमध्ये, म्हणजे उष्मांकावरून ठरणाऱ्या कोळशाच्या प्रतीत जातो. जी-10 मध्ये किलोला 4,301 ते 4,600 किलोकॅलरी, जी-13 मध्ये 3,401 ते 3,700. म्हणजे जी-10 च्या एका टनाचं काम करायला जी-13 जवळपास सव्वा टन जाळावा लागतो. वाहतूक आणि राख वाढते ती वेगळीच. गाडी उतरवताना नमुना घ्या, उष्मांक आणि ओलावा दोन्ही तपासून घ्या.

प्रश्न : पावसाळ्यासाठी साठवलेला कोळसा आतून धुमसतो. पाणी मारूनही थांबत नाही.
– एक वाचक, कामठी

उत्तर : पाणी मारणं थांबवा. ते ठरावीक वाटांनी खाली निघून जातं, गाभा तापलेलाच राहतो. डंपरने एकाच जागी ओतलं की मोठे डल्ले घरंगळून पायथ्याशी जमतात आणि चुरी मध्ये राहते. डल्ल्यांच्या फटींतून हवा शिरते, चुरी तापते, ढीग धुराड्यासारखा हवा ओढू लागतो.

धुमसणारा भाग लोडरने उकरून बाजूला पातळ पसरा. निवल्यावर आधी तोच जाळा. नवा साठा फूटभर थरांत पसरून लोडरने दाबत रचा, उंची दोन मीटरच्या आत ठेवा. ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवा आणि रोज उपसून बघा. हातात धरवली नाही, तर तिथे लगेच उकरा.

आपल्याकडच्या बहुतेक खाणी खुल्या, म्हणजे वरची माती काढून खणायच्या असल्याने पावसात माती हटवण्याचं काम मंदावतं, म्हणून मेअखेर साठा करणं बरोबरच. पण तीन-चार आठवड्यांपुरताच करा. चुरी जास्त असेल तर त्याहूनही कमी.