सूरशंका : पेटी शिकलेला मुलगा आणि जपानी कार्टून

प्रश्न : ताई, माझा मुलगा १९ वर्षांचा, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. आठ वर्षं पेटी शिकला. आता म्हणतो, ॲनिमे आणि व्हिडिओ गेमना संगीत देणार. सासरे दोन दिवस जेवताना कुणाशी बोलले नाहीत. यात पोट भरतं का? आणि आठ वर्षांची पेटी पाण्यात गेली, असं समजायचं का? – एक आई, नया बाजार, लष्कर (ग्वाल्हेर)

उत्तर : पेटीची काळजी सोडा, ती कामाला येणार आहे. कशी ते सांगते, पण त्यासाठी माझी एक फजिती ऐकावी लागेल.

बाविसाव्या वर्षी मी एका बुजुर्ग तबलजींना लेहरा धरायला, म्हणजे त्यांच्या तबल्याखाली पेटीवर एकच ओळ फिरवत ठेवायला, बसले होते. विलंबित तीनताल, चंद्रकंस, सोळा मात्रांची एकच ओळ. विसेक मिनिटांनी मला कंटाळा आला, म्हणून एक मुरकी घातली. मग आणखी एक. त्यांनी हात थांबवला, माझ्याकडे वळले आणि अगदी मायेनं म्हणाले, "थक गई हो बेटी, तो पानी पी लो।" पहिल्या रांगेत माझे वडील बसले होते.

गेमचं संगीत म्हणजे हा लेहरा. खेळणारा एखाद्या गावात दोन मिनिटं थांबेल, नाहीतर किल्ली शोधत दोन तास फिरेल. तेवढा वेळ तीच ओळ फिरत राहते, आणि ती त्याच्या डोक्यात जाता कामा नये. माझा भाचा मोबाइलच्या गेमना संगीत देतो. त्याच्या पहिल्या तुकड्यात शेवटच्या घंटेचा नाद वळणावर कचकन तुटायचा. ती उरलेली गुंज कापून पुढच्या आवर्तनाच्या सुरुवातीखाली शिवायची असते, हे कळायला त्याला तीन रात्री लागल्या. मी ऐकलं आणि म्हटलं, "अरे, तुझी सम दिसतेय." म्हणजे ओळ जिथून पुन्हा सुरू होते तो सांधा. त्याला पटकन समजलं, कारण तोही लहानपणी माझ्याकडे लेहरा धरायचा.

याच्या पुढची पायरी म्हणजे थर. तानपुरा वेगळा, सारंगी वेगळी, पखवाज वेगळा असं एकाच लयीत ध्वनिमुद्रित करायचं. शत्रू लांब असेल तर नुसता तानपुरा, जवळ आला की खालून पखवाज वर चढतो. चढवण्याचं काम एफमॉड किंवा वाइजसारखी सॉफ्टवेअर करतात, पण कुठला थर कधीही आला तरी बेसूर होणार नाही अशी रचना माणसालाच करावी लागते.

ॲनिमेची रीत निराळी. आपल्याला वाटतं, चित्र पडद्यावर लावून संगीतकार त्याबरहुकूम वाजवत असेल. चित्रपटात तसं होतं. जपानी टीव्ही मालिकेत बरेचदा चित्रं पूर्ण होण्याआधीच ध्वनिदिग्दर्शक यादी धाडतो : सकाळ, पाठलाग, दुःख थोडं, दुःख जास्त, विनोदी गडबड. असे चाळीस-पन्नास तुकडे आधी तयार होतात आणि कुठला कुठे लावायचा ते तो ठरवतो. दिवाळीचा फराळ आपण करून डबे भरून ठेवायचे आणि कुणाच्या ताटलीत काय, ते सासूबाईंनी ठरवायचं, तसं. (माझ्या घरी चिवडा कायम नको त्या पाहुण्याला गेला.)

आता सासऱ्यांसाठी एक गोष्ट. योको कान्नो नावाच्या बाई आहेत, १९६३ चा जन्म, मियागी प्रांतातल्या. वासेदा विद्यापीठात शिकायला गेल्या त्या साहित्य. १९८५ पासून कोएई कंपनीच्या ऐतिहासिक लढायांच्या कॉम्प्युटर गेमना संगीत देऊ लागल्या. पुढे ढीगभर जाहिराती केल्या. १९९४ च्या ‘मॅक्रॉस प्लस’साठी त्यांनी इस्रायल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं. १९९८ मध्ये ‘काउबॉय बीबॉप’ आलं. अवकाशात इनामासाठी गुन्हेगार पकडणाऱ्यांची २६ भागांची मालिका आणि संगीत मात्र जॅझ, ब्लूज, बिगबँड! त्यासाठी त्यांनी सीटबेल्ट्स नावाचा वादकसंचच उभा केला. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की बाई यादीत नसलेले तुकडेही करून पाठवायच्या आणि दिग्दर्शक शिनइचिरो वातानाबे ते ऐकून नवे प्रसंग रचायचे. सासूबाईंनी चकली चाखून पाहुणाच बदलला म्हणायचं.

२०११ च्या भूकंप-त्सुनामीत त्यांचा मियागी प्रांत उद्ध्वस्त झाला. मदतीसाठी झालेल्या ‘हाना वा साकु’ या गाण्याची चाल त्यांचीच. आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये सम्राट नारुहितोंच्या राज्यारोहणाच्या जाहीर सोहळ्यात राजवाड्यासमोर जी रचना सादर झाली, तीही त्यांचीच. दरबारी मान हवा असेल तर सासऱ्यांना हे सांगा. शिंद्यांच्या जुन्या राजधानीत, लष्करात राहणाऱ्याला दरबाराचं महत्त्व वेगळं समजवावं लागत नाही.

पोटाचं आता. आपल्याकडे बहुधा तयार संगीताच्या मिनिटामागे पैसे ठरतात, आणि हक्क कंपनीकडे जातात. भाच्याकडून एकानं नव्वद सेकंदांचा तुकडा अकरा वेळा बदलून घेतला आणि मग फोन उचलणं बंद केलं. तेव्हा किती दुरुस्त्या फुकट आणि आगाऊ किती, हे लेखी घ्यायला मुलाला आत्ताच शिकवा. बी.कॉम. सोडू देऊ नका; करार वाचता येणारा संगीतकार मला तरी फार भेटलेला नाही. शनिवार-रविवारच्या ‘गेम जॅम’ स्पर्धांत मुलं दोन दिवसांत छोटा गेम बनवतात आणि तिथे संगीत करणारा कायम हवा असतो. पहिले चार-पाच तुकडे तिथेच होतील.

प्रश्न : या सदरात ख्याल, ठुमरी, घराणी यांवर लिहिलं जावं. २०२३ मध्ये युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हटलं ते कार्टूनच्या ठणठणाटासाठी नव्हे. – एक जुने वाचक, जिवाजीगंज

उत्तर : काका, पेटी अभारतीय म्हणून आकाशवाणीनं १९४० मध्ये तिला बाहेर काढलं आणि १९७१ पर्यंत आत घेतलं नाही. तेव्हाही अशीच पत्रं लिहिली गेली असणार. गेमचंच बघा. कोइचि सुगियामा टीव्ही आणि जाहिरातींत नाव कमावलेले संगीतकार होते. १९८६ मध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या गेमला त्यांनी संगीत दिलं तेव्हा वय ५५. तो गेम चालायचा त्या फॅमिकॉम यंत्रात चालीसाठी तीन आवाज, एक खरखरीचा, एक ध्वनिमुद्रित नमुन्यांचा. एवढ्यात सगळा संसार. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या संचलनाची सुरुवात त्याच गेमच्या चालीनं झाली. डिसेंबरात तानसेन समारोहात भेटू, तिथे भांडा.

प्रश्न : मी अकरावीत आहे, पेटी वाजवतो. कॉम्प्युटरला जोडायचा कीबोर्ड २५ पट्ट्यांचा घेऊ की ६१ चा? – एक विद्यार्थी, वडोदरा

उत्तर : ६१ चा घे, आणि डाव्या बाजूला मॉड्युलेशनचं चाक असलेला बघ. पेटीवाल्याचा डावा हात जन्मभर भाता मारतो, त्यामुळे पट्ट्यांवर तो सुरुवातीला बावळटासारखा पडून राहील. पण कॉम्प्युटरवरच्या व्हायोलिनांचा आवाज फुगवायचा-ओसरवायचा तो बहुधा त्या चाकानंच. नवशिके सगळे ते चाक एकदा वर ढकलून विसरतात, म्हणून त्यांची व्हायोलिनं डबाबंद वाटतात. श्वास कुठे भरायचा आणि कुठे सोडायचा, ते तुझ्या डाव्या हाताला भात्यानं शिकवलेलं आहे. पट्ट्या महिनाभरानं शिकव. आधी त्याला चाकावर बसव.