लेखनाच्या कोर्समधून सूट घेऊ का?

प्रश्न : दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग राहुरीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. ॲग्री. आता अमेरिकेत मृदाशास्त्रात एम.एस. करतोय. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ९ पैकी ७ बँड असूनही इथल्या चाचणीनंतर मला परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी लेखनाचा कोर्स लावला. त्याचे क्रेडिट पदवीत धरत नाहीत. लॅबमधले मित्र म्हणतात, अर्ज करून सूट घे. घेऊ का?
– एक वाचक, इलिनॉय

उत्तर : नका घेऊ. हाच कोर्स मी तिकडच्या एका विद्यापीठात बरीच वर्षं शिकवला आहे, म्हणून इतकं ठामपणे सांगते.

आयईएलटीएसचा निबंध ४० मिनिटांत, किमान २५० शब्दांत आणि स्वतःच्या मनाने लिहायचा असतो. कुणाचा संदर्भ द्यावा लागत नाही. थिसिस लिहिताना मात्र तुमच्याआधी कोण काय म्हणालं, ते तुम्हाला कितपत पटतं आणि तुम्ही त्यात कुठे बसता, हे दाखवावं लागतं. ७ बँडवरून याचा अंदाज येत नाही.

आपल्याकडच्या मुलांचा मसुदा मी पहिल्या ओळीवरून ओळखायची. विषय ठिबकचा असो की क्षारपड जमिनीचा, सुरुवात ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ अशीच. मग लोकसंख्या, मग हरितक्रांती, आणि मूळ प्रश्न दुसऱ्या पानाच्या तळाशी. शाळेत याच सुरुवातीला गुण मिळालेले असतात. मुलांना काय बोलणार? मिशिगन विद्यापीठातले भाषातज्ज्ञ जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये शोधनिबंधांच्या प्रस्तावनांची जी मांडणी दाखवली, ती अशा कोर्समध्ये बहुतेक ठिकाणी शिकवतात. आधी विषयाचं महत्त्व, मग आजवरच्या कामात राहिलेली उणीव, मग तुम्ही ती कशी भरून काढणार. समजा, क्षारपड जमिनीतल्या भूमिगत निचऱ्यावर भरपूर अभ्यास झालाय, पण तुमच्या भागातल्या मातीवर नाही. मग हा ‘पण’ पहिल्या पानावरच यायला हवा. तुमच्याच विषयाचे चार पेपर घ्या आणि प्रत्येकात तो नेमका कुठे येतो ते पेन्सिलीने खुणा करून बघा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. मूळ वाक्यातले दोन-चार शब्द बदलून ते आपल्या पेपरात घेणं, खाली संदर्भ दिला तरी, तिकडे वाङ्मयचौर्यात धरलं जाऊ शकतं. यात हुशार मुलंसुद्धा अडकलेली मी पाहिली आहेत, आणि त्यांचा हेतू वाईट नव्हता. मी त्यांना सांगायची : पेपर वाचा, मिटून ठेवा, समजलं ते मराठीत दोन ओळींत लिहा, आणि त्या ओळींवरून इंग्रजी लिहा. शेवटी मूळ पेपर उघडून पडताळा. माझ्या वर्गातल्या कोरियन आणि ब्राझिलियन मुलांनाही आपापल्या भाषेत टिपणं काढायला सांगितल्यावर फरक पडला. मराठी इथे आड येत नाही, कामाला येते.

नामाआधी येणाऱ्या इंग्रजीतल्या ‘अ’ (a), ‘द’च्या (the) चुका राहतील. मराठीत तसं काही नसल्यामुळे त्या फार सावकाश कमी होतात. त्यापायी मसुदा अडवून ठेवू नका. अडलेल्या वाक्यरचनांसाठी मँचेस्टर विद्यापीठाची ‘अकॅडेमिक फ्रेजबँक’ इंटरनेटवर मोफत आहे. विद्यापीठाच्या रायटिंग सेंटरमध्ये जाताना मात्र ‘इंग्रजी तपासून द्या’ म्हणू नका. ‘माझा मुद्दा या परिच्छेदात कळतो का?’ असं विचारा.

क्रेडिट आणि फीचं काय ते नोंदणीची मुदत संपण्याआधी विभागात विचारून घ्या. शिवाय कोर्सच्या असाइनमेंटसाठी थिसिसचाच विषय घेता येईल का, हे पहिल्याच आठवड्यात शिक्षकांना विचारा. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात.