कानाविषयी शंका : ओठांवरून बोलणे ओळखता येईल का?

प्रश्न : माझे वय ६६ असून मी बँकेतून निवृत्त झालो आहे. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असल्याने श्रवणयंत्र वापरतो. घरात समोरासमोरचे बोलणे समजते. मात्र लग्नकार्यात किंवा सोसायटीच्या सभेत आवाज कानावर येतो, पण शब्द कळत नाहीत. ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखायला या वयात शिकता येईल का? ते जमले, तर यंत्राची गरज उरेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो. यंत्राची गरज राहीलच. ते काढून ठेवून केवळ ओठांवर विसंबू नका. क, ख, ग, घ यांचे उच्चार तोंडात इतके मागे होतात की बाहेरून त्यांचा फारसा मागमूस लागत नाही. प, ब, भ, म म्हणताना ओठ मिटलेले दिसतात खरे, पण चारही वेळा ते सारखेच मिटतात. त्यामुळे आवाज अजिबात येत नसेल आणि संदर्भही ठाऊक नसेल, तर समोरचा ‘पापा’ म्हणाला, ‘बाबा’ म्हणाला की ‘मामा’, हे मुरलेल्या माणसालाही सांगता येणार नाही.

मग शिकून उपयोग काय? वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात साधारणपणे उंच पट्टीचे ध्वनी आधी हरवतात आणि स, श, च, त यांसारख्या व्यंजनांची ओळख बरीचशी त्याच पट्टीवर अवलंबून असते. स्वरांचा जोर मात्र खालच्या पट्टीत असल्याने ते टिकून राहतात. सभा किती वाजता, असे विचारल्यावर ‘पाच’, ‘सात’ आणि ‘आठ’ या तिन्ही उत्तरांतला ‘आ’ तेवढा तुमच्यापर्यंत पोहोचतो. आता बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहा : ‘पाच’च्या आरंभी ओठ मिटतात, ‘सात’च्या आरंभी दात जवळ येतात आणि ‘आठ’ म्हणताना तोंड थेट उघडते. उलट ‘बाबा’ आणि ‘मामा’ यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही, पण ‘म’मधला नाकातला गुंजारव खालच्या पट्टीचा असल्याने उरलेल्या श्रवणशक्तीला तो बहुधा पकडता येतो. कान आणि डोळे असे एकमेकांच्या उणिवा भरून काढतात, म्हणून सरावही यंत्र लावूनच करायचा असतो.

ही कला तुम्हाला अगदी अनोळखीही नाही. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात ध्वनी ‘बा’चा होता आणि पडद्यावरचा चेहरा ‘गा’ म्हणत होता. उत्तम कान असलेल्या बहुतेक प्रौढांना ‘दा’ ऐकू आले. नकळत सगळेच ओठ वाचत असतात. तुम्हाला ते जाणीवपूर्वक करायचे आहे. वयाची आडकाठी नाही, मात्र नजर स्वच्छ हवी, तेव्हा मोतीबिंदू किंवा चष्म्याचा नंबर आधी तपासून घ्या.

सरावासाठी घरातल्या एखाद्याला चार-पाच फुटांवर, चेहऱ्यावर उजेड पडेल असे बसवा. वर्तमानपत्रातली बातमी त्यांनी तुकड्या-तुकड्याने वाचावी आणि प्रत्येक तुकडा तुम्ही जसाच्या तसा म्हणून दाखवावा; चुकलात तर त्यांनी तो तुकडा पुन्हा किंवा वेगळ्या शब्दांत सांगावा आणि मगच पुढे जावे. ही पद्धत डी फिलिपो आणि स्कॉट या संशोधकांनी १९७८ मध्ये मांडली. आरंभी बातमीचा मथळा आधी वाचून घ्या, कारण विषय ठाऊक असला की अर्धे काम सोपे होते. जमू लागले की मागे रेडिओ लावा. दहा-पंधरा मिनिटांपेक्षा अधिक वेळ बसू नये. डोळे आणि मन दोन्ही थकतात. आवाज बंद करून मालिका पाहण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण मला तो फारसा पटत नाही, कारण पडद्यावरचे पात्र सारखे पाठ फिरवते आणि आपले काय चुकले हे सांगायला कोणी नसते.

सभेला जाताना विषयपत्रिका आधी मागवून घ्या आणि अध्यक्षांचा चेहरा दिसेल, पण खिडकी त्यांच्या पाठीमागे येणार नाही, अशी जागा धरा. लग्नाच्या कार्यालयात मात्र बँड वाजू लागल्यावर फार अपेक्षा ठेवू नका. बाजूच्या खोलीत एकेकाशी बोलणे बरे. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तिथे किंवा जवळच्या ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) श्रवण-प्रशिक्षणाची चौकशी करावी.

प्रश्न : सासूबाईंशी ओरडून बोलावे लागते, शेजाऱ्यांना भांडण वाटते. आम्ही नेमके कसे बोलावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ओरडल्याने ओठांचा आकार बिघडतो आणि चेहरा रागावलेला दिसतो. आधी त्यांना हाक मारा, त्यांनी तुमच्याकडे पाहिल्यावरच बोलायला लागा आणि मिक्सर चालू असताना ओट्याकडे तोंड करून काही सांगू नका. तोंडात सुपारी किंवा तंबाखू असेल, तर ओठ वाचता येत नाहीत. घरातल्या पुरुषांच्या ओठांवर आलेल्या मिशांचेही तेच. वाक्य समजले नाही, तर तेच पुन्हा म्हणण्याऐवजी बदलून पाहा : ‘जेवायला बसा’ कळले नाही, तर ‘पान वाढले आहे’ म्हणा. ‘जाऊ दे, काही नाही’ हे उत्तर मात्र कधीही देऊ नका; ते त्यांना नेमके कळते. औषधाची मात्रा, गाडीची वेळ आणि पैशांचे आकडे कागदावर लिहूनच द्यावेत.