उत्क्रांतीत चिंता गळून का पडली नाही?

विनाकारण छातीत धडधडायला लावणारी चिंता लाखो वर्षांत नाहीशी का झाली नाही, असं विचारलंय.

कारण ती स्वस्तात पडते. मी ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी राहतो. पहाटे फिरताना झुडपात खसफस झाली की पाय आपोआप थबकतात, तळहाताला घाम सुटतो. निघतं मांजर. (एकदा तर नुसती प्लॅस्टिकची पिशवी!) पण मागे जंगल आहे आणि त्यात बिबटे खरेच आहेत. शंभरदा उगाच दचकलो तर मिनिटभराची धडधड. एकदा दचकायचं राहिलं तर खेळ खलास. रॅन्डॉल्फ नेसी या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने याला धुराच्या अलार्मची उपमा दिली आहे. पोळी करपली तरी तो वाजतो, आणि तसाच तो हवा.

पॅनिक अटॅक (अचानक येणारा तीव्र भीतीचा झटका) म्हणजे बहुधा हाच अलार्म भलत्या जागी वाजणं. स्टेशनच्या पुलावर, ऐन गर्दीत, बिबट्याचा पत्ता नसताना.

स्किझोफ्रेनियाला (भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराला) मात्र हे स्पष्टीकरण लावू नका. तो आजारच 'उपयोगी' होता म्हणून टिकला, हे मला ओढूनताणून वाटतं.

अलार्म रोजच वाजत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. गोळ्या आणि सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी बोलण्यातून होणारी उपचारपद्धत), दोन्हींनी फरक पडतो.