टॉलरन्स स्टॅक अ‍ॅनालिसिस शिकायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

सॉफ्टवेअर तूर्त राहू द्या. टॉलरन्स म्हणजे मापाला दिलेली सूट; जोडलेल्या भागांच्या या सुटी मिळून शेवटी किती फरक पडतो ते काढणं म्हणजे स्टॅक अ‍ॅनालिसिस. तुम्ही लिहिलंय की गोव्यातल्या फर्मागुडीच्या कॉलेजातून मेकॅनिकल इंजिनिअर झालात, डिझाइनमध्ये लागलात आणि साहेब म्हणतात, ‘स्टॅक रूट सम स्क्वेअरनेच काढ, वर्स्ट केस जुनाट झालं.’ हेच वाक्य मी वेर्ण्यात ऐकलंय आणि त्यावरून भांडलोय, म्हणून लिहायला बसलो.

मी असेंब्ली आणि तपासणीतला माणूस. वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आम्ही छोटा गिअरबॉक्स जुळवायचो. अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग, आत 6205 नंबरची दोन बेअरिंगं, मधे स्पेसर, वरून कव्हर. हाउसिंगची खोली 62 ± 0.10, स्पेसर 24 ± 0.05, कव्हरचा स्पिगॉट, म्हणजे आत शिरणारा भाग, 7.8 ± 0.10, सगळं मिलिमीटरमध्ये. बेअरिंगची रुंदी 15, पण टॉलरन्स शून्य ते उणे 0.12, म्हणून गणितात 14.94 ± 0.06 धरायची. फटीच्या एका बाजूने निघून एकेक माप मिळवत-वजा करत (याला लूप म्हणतात) दुसऱ्या बाजूला पोचलात की मधली फट येते 0.32. हवी होती किमान 0.10.

वर्स्ट केसने सगळे टॉलरन्स मिळवले की 0.37, म्हणजे फट उणे 0.05 पर्यंत जाते. त्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढलं (हेच रूट सम स्क्वेअर) की 0.17, फट किमान 0.15. आमच्या सिनिअर डिझायनरनी हा दुसरा आकडा दाखवला आणि ड्रॉइंग सुटलं.

चवथीच्या तोंडावरचा लॉट टेस्टवर घेतला तर काही गिअरबॉक्स हाताला जड, चालवले की तापायचे. बोट आमच्याकडे: तुमची मुलं कव्हर वेडंवाकडं आवळतात. ते मला झोंबलं. कव्हरं उघडून डेप्थ मायक्रोमीटरने तुकडे मोजायला घेतले. हाउसिंगची खोली सरासरी 61.93, स्पेसर 24.03, स्पिगॉट 7.86. तुकडे सगळे टॉलरन्सात, पण 0.32 ची फट मध्यावरच 0.16 झालेली. थोडी चढउतार धरली की काही जोड्या 0.10 च्या खाली जाणारच.

असं का होतं, हे लेथजवळ उभा राहिलेला कोणीही सांगेल. धातू जास्त कापला तर तुकडा भंगारात. कमी कापला तर पुन्हा एक कट घेता येतो. म्हणून खोली जराशी कमी ठेवतात, स्पेसर आणि स्पिगॉट जरासे लांब. यात ऑपरेटरचा काही दोष नाही, शहाणपण आहे. पण आमच्या लूपमध्ये तिन्ही गोष्टी फट खाणाऱ्याच निघाल्या.

मी आकडे नेले तर उत्तर मिळालं, ‘प्रत्येक तुकडा टॉलरन्सात आहे, मग माझं गणित चुकलं कुठे?’ तिथेच चुकलं. वर्गमूळाची पद्धत धरून चालते की प्रत्येक माप टॉलरन्सच्या मध्याभोवती पसरलंय, मापं एकमेकांवर अवलंबून नाहीत आणि प्रोसेस ताब्यात आहे. यातलं काहीही ड्रॉइंगवर लिहिलेलं नसतं, ते मशिनवर जाऊन बघावं लागतं. मापं अशी मध्यावरून सरकतात म्हणूनच बेंडर या इंजिनिअरांचा 1.5 चा गुणक वापरतात. 0.17 ला तो लावून बघा: फट किमान 0.06. हातातल्या कॅल्क्युलेटरवर हे आधीच दिसलं असतं. पुढच्या रिव्हिजनला स्पिगॉट 7.7 झाला आणि कारणाच्या रकान्यात ‘असेंब्लीची सोय’ असं लिहिलं गेलं. सोय कसली? डिझाइनची दुरुस्ती होती ती, आणि तसंच लिहायला हवं होतं.

तेव्हा शिकायचं असेल तर आपल्याच कारखान्यातली चार-पाच भागांची एक असेंब्ली घ्या, लूप कागदावर काढा, प्लस-मायनसच्या दिशा स्वतः ठरवा, दोन्ही पद्धतींनी आकडा काढा आणि मग तपासणी विभागातून त्या भागांची खरी मापं मागा. देत नसतील तर स्वतः मोजा. एसी खोलीत मोजा. मापं 20 अंशांवरची मानतात आणि अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. जो डिझायनर सीपीके (प्रोसेस टॉलरन्सच्या आत किती मध्यावर आणि किती कमी पसरलेली आहे, तो आकडा) न विचारता वर्गमूळ काढतो, तो अंदाजच करत असतो, समोर सॉफ्टवेअर कितीही महागडं असो.

वर्स्ट केस सगळीकडे लावा असंही माझं म्हणणं नाही. दहा-बारा भागांच्या स्टॅकला ते लावलंत तर टॉलरन्स इतके आवळावे लागतील की कोणी कोटेशनच देणार नाही. मोठं उत्पादन, मोजलेला सीपीके, मध्यावर बसलेली प्रोसेस असेल तर वर्गमूळ खुशाल वापरा. नग थोडे असतील किंवा जिवाशी गाठ असेल तर वर्स्ट केस. पोझिशन टॉलरन्स, एमएमसीचा बोनस, डेटम शिफ्ट अशा भोकांच्या जागेच्या आणि आकाराच्या सुटी तिन्ही दिशांना गुंतल्या की मात्र हाताने निभावत नाही, तिथे सॉफ्टवेअर लागतंच. कुठलं, ते तुमच्या कंपनीत जे कॅड असेल त्याला जोडलेलं बघा. स्वतःच्या खिशातून घेऊ नका.