त्याची पट्टी, तुझी पट्टी

"मावशी, नवऱ्याला घरात हार्मनी लागते म्हणून मी बोलायचंच सोडलंय. सुट्टीत कुठे जायचं, मुलीचे क्लास, दिवाळी कोणाकडे, सगळं तोच ठरवतो. आम्ही दोघंही गाणं शिकतो, सोसायटीच्या गणपतीत एकत्र गातो, तर तिथेही त्याच्याच पट्टीत, म्हणजे पेटीवरच्या पहिल्या काळीला (काळी १) सा धरून, तितक्या खाली माझा आवाज पोचत नाही. बोलले की मीच बेसूर. काय करू?"

अगं, आधी गाण्याचंच बोलू. पंडित जसराजांनी जसरंगी नावाची जुगलबंदी आणली ना, तिचं मूळ ह्याच कटकटीत आहे, बाई आणि पुरुष एकत्र गाणार म्हटलं की कोणीतरी एकाने गळा ताणायचा, तर त्यांनी जुन्या मूर्च्छनेचा, म्हणजे सूर तेच ठेवून सा बदलला की राग बदलतो या युक्तीचा, आधार घेऊन दोघांना आपापला सा दिला, रागही वेगवेगळे. संजीव अभ्यंकर आणि अश्विनी भिडे-देशपांडे यांची जसरंगी ऐकच.

आता पेटी काढ आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजव. काळी १ ला सा धरलास तर सा रे म प ध, म्हणजे दुर्गा राग. त्याच पाच पट्ट्या, पण काळी ३ ला सा धर, झाला भूप! त्याचा मध्यम (म) तो तुझा षड्ज (सा). तानपुऱ्याचं अ‍ॅप काळी ३ ला सा-प वर ठेव, तेच सूर त्याला म आणि सा म्हणून चालतात. तो दुर्गा गाईल, तू भूप गा, फक्त समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेला, दोघांनी एकत्र यायचं, तिथे सूट नाही.

घरात तुमची सम म्हणजे मुलगी आणि पैसा, ते दोघांनी बसूनच ठरवायचं. सध्या चाललंय त्याला मी तरी हार्मनी म्हणणार नाही, तो एकटा गातोय आणि तू मागे टाळ धरून उभी आहेस. माणूस वाईट वाटत नाही गं, आपल्याशिवाय दुसरी पट्टी असते हेच त्याच्या डोक्यात आलं नसेल, पण तू गप्प राहिलीस तर येणार कुठून? आणि तोंड उघडल्यावर आरडाओरडा किंवा आठ-आठ दिवस अबोला होत असेल तर मात्र हे पट्टीचं प्रकरण नाही, मग विश्वासातल्या कोणाला तरी सांगून ठेव आणि मला परत लिही.

दिवाळीचं विचारत बसू नकोस, पाडवा इकडे आणि भाऊबीजेला मी माहेरी, एवढं आजच सांगून टाक, रिझर्वेशन लवकर फुल होतात.